अंबाडीचं तास कुणाच्या नावावर?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तालुक्याच्या गावी बचतगटांच्या बायकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय होता, 'अंबाडीपासून सरबत, जॅम आणि चटणी'. आमच्या गावातून आम्ही सहाजणी गेलो होतो. प्रशिक्षण देणारे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं, त्यातल्या वाळलेल्या लाल पाकळ्या पाण्यात टाकून उकळल्या, गाळून साखर घातली. लालभडक सरबत तयार झालं. सगळ्यांनी चाखलं, टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी 'काही शंका आहेत का?' असं विचारलं, तेव्हा मागच्या रांगेतली एक मावशी उभी राहिली. म्हणाली, "सायेब, सरबत तं झालं. पन हे बोंडं आनाचे कुठून?"

साहेब म्हणाले, "त्याची काळजी करू नका मावशी. बाजारात तयार पाकिटं मिळतात."

एकच हशा पिकला. मावशी खाली बसता बसता म्हणाली, "म्हंजे वावरातली चीज आता दुकानातून इकत घ्याची म्हना!"

परत येताना एस.टी.त मात्र कुणाला हसू येईना. आम्ही सहाजणींनी हिशेब केला. कुणाच्या वावरात अंबाडी आहे? एकीच्याही नाही. एकीच्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर चार झाडं होती, तेवढीच. लहानपणी मात्र सहाहीजणींनी ती खुडलेली, खाल्लेली, तिच्या दोरावर झोके घेतलेले. मग ती गेली कुठे? आणि जाताना आपलं काय काय घेऊन गेली? हा लेख त्या एस.टी.तल्या बोलण्यातून निघाला आहे.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना अंबाडी माहीत असते ती मंडईतल्या आंबट पालेभाजीची जुडी म्हणून. आमच्याकडे ती भाजी तर आहेच, पण आणखीही बरंच काही आहे. जास्वंद, भेंडी आणि कापूस यांच्याच कुळातलं हे झाड. आपण अंबाडी म्हणतो त्यात खरं तर दोन बहिणी आहेत. एक सरळसोट वाढून माणसाच्या डोक्यावर जाणारी, वाखाची अंबाडी. शास्त्रात तिला हिबिस्कस कॅनाबिनस म्हणतात. दुसरी लाल अंबाडी, मांसल लाल बोंडांची, हिबिस्कस सब्दारिफा. पाला दोघींचाही खातात. शेजारच्या तेलुगू मुलखात गोंगुरा म्हणून जिचं एवढं कौतुक आहे, तीही हीच. लाल अंबाडीचं मूळ आफ्रिकेतलं मानतात, आणि सुदान-इजिप्तमध्ये तिच्या बोंडांचं करकदे घरोघर पितात. म्हणजे साहेबांचं सरबत काही नवं नव्हतं. नवीन एवढंच, की ते आम्हाला पाकिटातून शिकवलं जात होतं.

आमच्या घरी अंबाडी कशी यायची ते सांगते. मृगाचा पाऊस पडला की पेरणी. तिफण हाकायला पुरुष, आणि तिफणीला मागून दोरीनं बांधलेलं सरतं धरून चालायला बाई. सरतं म्हणजे बांबूची पोकळ नळी, वर छोटं चाडं. ज्वारीची किंवा पऱ्हाटीची ठरलेली तासं झाली की एक तास सरत्यानं तुरीचं. माझ्या सासूबाईंच्या ओटीत तुरीबरोबर आणखीही बी असायचं. मूठभर अंबाडी, थोडी चवळी, थोडे तीळ, बरबटी. मुख्य पीक कोणतं, ते कुठे विकायचं, हे सगळं सासरे ठरवायचे. सरत्यातून काय सोडायचं ते मात्र सासूबाई ठरवायच्या. एकरातली बाकी तासं घराची, हे एक तास तिचं. कुठे याला इरवड म्हणतात, कुठे आणखी काही. शब्द बदलतो, पद्धत थोड्याफार फरकानं सगळीकडे हीच होती.

आता त्या एका तासात काय काय होतं ते पाहा. महिना-दीड महिन्यात कोवळे शेंडे खुडायला यायचे. शेंडा खुडला की झाड मरत नाही, उलट बाजूनं फुटतं. म्हणून श्रावण-भाद्रपदात, जेव्हा घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं आणि हातात पैसा नसतो, नेमका तेव्हा या झाडाला पाला असतो. पानं उकडायची, आंबट पाणी पिळून टाकायचं, त्यात ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ, मूठभर शेंगदाणे, वरून लसणाची चरचरीत फोडणी. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या पिठात मळून भाकर. उकडलेलं पाणी टाकून देण्याचं कारण आमच्या आयांना कुणी शिकवलं नव्हतं. पानांत ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते पाण्याबरोबर बरंच निघून जातं, हे पुस्तकात मी फार नंतर वाचलं.

दिवाळीच्या सुमाराला फुलं यायची. फिकट पिवळं फूल, आत मध्यभागी गडद तांबडा डोळा. एक दिवस फुलतं नि मिटतं. त्यानंतर फुलाखालचं हिरवं-तांबडं आवरण, ज्याला शास्त्रात निदलपुंज म्हणतात, ते मांसल होऊन फुगतं. पाकिटावर ज्याला पाकळ्या म्हणतात ते खरं तर हेच. फूल गळल्यावर साधारण तीन आठवड्यांत ते खुडायचं. आतली बी-बोंडी वाळून कडक होण्याआधी, नाहीतर आवरण चिवट होतं. त्याची चटणी व्हायची, वाळवून वर्षभर चिंचेऐवजी वरणात पडायची. वाखाची अंबाडी फुलावर आली की कापायची, पेंढ्या बांधून नाल्याच्या साचल्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दहा-पंधरा दिवसांत साल कुजून सुटते. मग वाख सोलायचा, धुवायचा, वाळवायचा. त्याची दावी, कासरे, चऱ्हाटं, बाजेची सुतळी. पोळ्याला बैलाच्या गळ्यात नवा दोर चढायचा तो या वाखाचा. सोललेल्या काड्या चुलीला.

आणि या सगळ्यातून सासूबाईंच्या हाती पैसा यायचा. फार नाही. आठवडी बाजारात जुड्या विकायच्या, शेजारगावी बी द्यायचं, वाळलेली बोंडं द्यायची. पण तो पैसा सासऱ्यांना दाखवावा लागत नसे. त्यातून त्यांनी माझ्या नणंदेच्या शाळेची फी भरली आहे, हे मला नणंदेनंच सांगितलं. घरात कुणाला माहीत नव्हतं.

मग हे तास गेलं कसं? कुणी ठरवून काढलं नाही. एकेक कारण साधंच होतं. नायलॉनचा दोर आला. स्वस्त, टिकाऊ, कुजवायची कटकट नाही. वाखाची गरज संपली. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला मागे सरतं बांधता येत नाही. म्हणजे पेरणीतून बाई गेली, आणि तिच्या ओटीतलं बीही गेलं. ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. महागाचं पाकीट घेतल्यावर प्रत्येक तासातून कापूसच निघाला पाहिजे, असा हिशेब सुरू झाला. त्यानंतर तणनाशक आलं. सोयाबीनमध्ये तर सर्रास, आणि तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचं परवानगी नसलेलं बियाणंही चोरवाटेनं विदर्भात येऊ लागलं. तणनाशकाला तण कोणतं आणि अंबाडी कोणती हे कळत नाही. ज्या वावरात ते फवारलं जातं तिथे धुऱ्याकाठची अंबाडीसुद्धा टिकत नाही. आणि जिथे टिकली तिथून खुडून खायची हिंमत होत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर वावरातली भाजी घरी आणताना प्रत्येक बाई आधी विचारते, 'कधी फवारलं?'

या तणनाशकाची दुसरीही बाजू आहे. निंदण हे बायकांचं काम होतं. पाठ मोडणारं, कमी मजुरीचं, पण पावसाळ्यातलं हमखास काम. ते झपाट्यानं कमी झालं. आणि निंदायला जाणाऱ्या भूमिहीन बाईचा आणखी एक न बोललेला वाटा होता. संध्याकाळी घरी जाताना ओटीभर अंबाडीचा पाला, तरोटा, कुंजर खुडून न्यायचा. मालकीण कधी हसत 'ने' म्हणायची, कधी तोंड वाकडं करायची. जात आड यायची, बोलणी खावी लागायची. तरी त्या घरात त्या रात्री भाजी व्हायची. आज त्या घरात मजुरीही नाही आणि भाजीही नाही. वीस रुपयांची जुडी विकत घ्यायची किंवा तिखट-मीठ लावून भाकर खायची. आम्ही शेतकऱ्यांच्या बायका आपल्या गेलेल्या तासाचं दुःख सांगतो, तेव्हा ज्यांना मुळात तासच नव्हतं त्यांचं काय गेलं, हे आधी सांगायला हवं.

आमच्या गटाच्या बैठकीत मी हे सगळं बोलले, तेव्हा एका जुन्या कार्यकर्तीनं मला सरळ विचारलं, "म्हणजे तुझं म्हणणं काय? बाईनं पुन्हा नाल्यात उभं राहून वाख सोलायचा? सगळं शेत त्याचं आणि भाजीचं एक तास तिचं, हेच तुला हवंय?"

प्रश्न रास्त आहे. त्या कुजत्या पाण्याचा वास मला अजून आठवतो. वाखाच्या अंबाडीच्या देठाला बारीक काटे असतात, हातांना भेगा पडतात. सासूबाई दिवसभर पऱ्हाटीत काम करून संध्याकाळी आपल्या तासाकडे वळायच्या. दुप्पट कष्टाचं नाव 'तिचं स्वतःचं' असं ठेवणं सोपं असतं. त्याचे पोवाडे मला गायचे नाहीत.

पण मला दिसतं ते असं. सासूबाईंना ते तास मिळालं होतं ते हक्कानं नाही, सवयीनं. सासऱ्यांची त्याला हरकत नव्हती, एवढाच त्याचा आधार. म्हणूनच ते जाताना त्यांना कुणी विचारलं नाही. ट्रॅक्टर आणताना विचारलं नाही, तणनाशक आणताना विचारलं नाही. तेवढ्या जागेवर त्यांचं काही चालतं याची नोंद कुठेही नव्हती. सातबाऱ्याच्या पीकपेऱ्यात कापूस होता, तूर होती. अंबाडी कधीच नव्हती. आणि खातेदाराच्या रकान्यात सासूबाईही कधीच नव्हत्या. झाड आणि बाई दोघीही वावरात होत्या, कागदावर नव्हत्या. जे कागदावर नाही ते गेलं तर त्याची नुकसानभरपाई कुणी द्यायची?

कायदे झालेच नाहीत असं नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं जे प्रचंड अधिवेशन झालं, त्यापासून बाईच्या नावावर जमीन हा प्रश्न खेड्यात मोठ्यानं विचारला जाऊ लागला. पुढे शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, आणि अनेक गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. त्याच चळवळीनं 'सीताशेती'ची कल्पना मांडली. बाईच्या ताब्यातल्या तुकड्यावर घराच्या खाण्याची पिकं, विकतच्या खताऔषधांशिवाय. म्हणजे आमच्या सरत्याच्या तासाला तिथे पहिल्यांदा नाव मिळालं. १९९२ मध्ये शासनानंही नवऱ्याच्या संमतीनं सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याची तरतूद केली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात मुलींना मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क मुलीला जन्मतःच आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही.

एवढं होऊनही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर खातेदारांमागे बायका होत्या सुमारे चौदा. कारण उघड आहे. बायकोचं नाव लावायचं तर नवऱ्याची संमती हवी. लेकीनं वाटा मागायचा तर माहेर तुटतं. हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणींना तहसिलीत नेतात, येताना साडी घेतात, जेवू घालतात. मी दुसऱ्याचं सांगत नाही. मी स्वतः स्त्रियांच्या हक्काची भाषणं करत असताना अशी सही केलेली आहे. भावाचं तोंड पाहून केली. त्या वावरात माझ्या आईचंही अंबाडीचं तास होतं. सही करताना ते मला आठवलंसुद्धा नाही.

आदिवासी मैत्रिणींची अडचण आणखी वेगळी. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, त्यामुळे १९९४ आणि २००५ च्या दुरुस्त्यांचा आधारही त्यांना नाही. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत शेतकरी स्त्रियांच्या हक्कांसाठी एक खासगी विधेयक मांडलं होतं, ज्यात जमीन नावावर नसली तरी शेती करणाऱ्या बाईला शेतकरी म्हणून दाखला देण्याची तरतूद होती. ते २०१२ मध्ये मांडलेलं विधेयक पुढे बारगळलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शेतकरी स्त्रियांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, त्याचे फलक तालुक्याला लागतीलही. फलकावर बाईच्या डोक्यावर टोपली असते, टोपलीत भाजी असते. भाजी कुणाच्या जमिनीवर पिकली ते फलकावर नसतं.

आता साहेबांच्या सरबताकडे परत येते. बचतगटांना धंदा मिळावा याला माझा विरोध नाही. पण हिशेब नीट करू. ताज्या बोंडाच्या आवरणात दहा वाट्यांतले साडेआठ-नऊ वाटे पाणीच असतं. म्हणजे दहा किलो सोललेल्या ताज्या मालातून किलो-दीड किलोच वाळलेला माल निघतो. त्याआधी एकेक बोंड खुडायचं, एकेक बोंडातली बोंडी टोकरून काढायची. हे सगळं हातानं, आणि बायकांनीच. बोंड स्वतःच्या वावरातलं असेल तर या कष्टाला काही अर्थ आहे. बोंड विकतचं, साखर विकतची, बाटली विकतची, लेबल विकतचं असेल, तर आमचा वाटा उरतो फक्त चुलीपुढे उभं राहण्याचा. तो तर आम्ही आधीपासूनच फुकट करत होतो. शेतीतून बाईला बाहेर काढायचं आणि मग तिला शेतमालावर 'प्रक्रिया' शिकवायची, हे मला पटत नाही.

यावर कृषी खात्याचे लोक एक हरकत घेतील, आणि ती खरी आहे. अंबाडी आणि कापूस एकाच कुळातले असल्यामुळे कापसावरच्या काही किडी अंबाडीवरही राहतात. पिठ्या ढेकूण राहतो, बोंडअळीलाही आसरा मिळतो. तेव्हा पऱ्हाटीत अंबाडी नको, असं ते सांगतात. कबूल. आमच्या सासूबाईही तिला शक्यतो ज्वारीतच सोडायच्या. ज्वारी, तूर, मूग यांच्यात अंबाडी चालते. कापूसच असेल तर त्यापासून दूर, घराजवळच्या तुकड्यात लावा, आणि बोंडं खुडून झाली की झाडं उपटून काढा. पण या सल्ल्याचा शेवट 'म्हणून अंबाडीच नको' असा होतो, तेव्हा मी विचारते, ज्या कापसासाठी एवढी काळजी घेतली, त्या कापसाच्या पैशांत बाईला किती वेळा विचारलं?

लावायला ही बाई फार सोपी आहे. पाणी साचणारी जागा सोडली तर जवळपास कुठल्याही जमिनीत येते, एकदा मूळ धरलं की पावसाचा खंडही सोसते. पण तिचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. ती दिवस मोजते. दिवस लहान होऊ लागला, बारा-साडेबारा तासांच्या आत आला, की ती फुलावर येते. जूनमध्ये पेरली असो की ऑगस्टात, फुलायची वेळ जवळपास तीच. फरक पडतो तो उंचीत आणि फुटव्यांत. म्हणून पाला आणि बोंडं दोन्ही भरपूर हवी असतील तर पहिल्या पावसाबरोबर पेरायची. वाखासाठी दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फुटता ती सरळ वाढते. बोंडांसाठी झाडा-झाडांत दोन-तीन फूट अंतर ठेवून शेंडा खुडायचा. बियाण्यासाठी सगळ्यात निरोगी दोन-चार झाडं आधीच हेरून, चिंधी बांधून ठेवायची. त्यांची बोंडं खुडायची नाहीत. बोंडी झाडावरच वाळू द्यायची, पण उकलायच्या आधी सकाळच्या दवात काढायची, नाहीतर बी मातीत सांडतं. शहरातल्या मैत्रिणींनो, गच्चीत ऊन असेल तर मोठ्या कुंडीतही एखादं झाड येतं. मात्र कुंडीतलं झाड म्हणजे हक्काची जमीन नव्हे, हेही लक्षात असू द्या.

हे होऊ शकतं का? झालेलं आहे. आपल्या सीमेलगत तेलंगणात झहीराबादच्या भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर काम करणाऱ्या दलित बायकांच्या संघमांनी पडीक आणि खंडाच्या जमिनी मिळून कसल्या, एका वावरात अनेक पिकं घेतली, बियाणं आपल्याच हाती ठेवलं. २०१९ मध्ये त्यांना इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या बायकांचं कौतुक करताना आपण त्यांच्या बियाण्याचे फोटो काढतो. त्यांनी बियाण्याबरोबर जमीन कसण्याचा आणि निर्णयाचा अधिकार कसा मिळवला, ते शिकायला मात्र कमीजणी जातो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सरबताचं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर त्याआधी त्या गटाला अंबाडी लावायला जमीन मिळवून द्या. गावची पडीक जमीन, किंवा खंडानं. गटात भूमिहीन बायका असतील तर त्यांना आधी. दुसरं, पीकपेऱ्यात मिश्र पिकांची खरी नोंद व्हावी. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. मोबाइलवर शेतकऱ्यानंच आपलं पीक नोंदवायचं. पण मोबाइल नवऱ्याच्या खिशात आणि खातं नवऱ्याच्या नावावर. 'मिश्र पीक' असा पर्याय दिसत असला तरी तो भरतं कोण? आपण भरायला शिकू या. तिसरं, घरात कोणतं औषध कधी फवारायचं हे बाईला विचारल्याशिवाय ठरू नये. ही मागणी सरकारकडे नाही, घरात करायची आहे. म्हणूनच ती जास्त कठीण आहे.

आम्ही सहाजणींनी यंदा ती करून पाहिली. तिघींना घरून तास मिळालं. एकीला 'कोणत्या जमान्यात राहते?' असं ऐकावं लागलं. एकीचं तास गुडघाभर वाढलं आणि ती माहेरी गेलेली असताना दिरानं त्यावर तणनाशक फिरवलं. तो म्हणाला, "मले का मालूम, ते तुह्यं व्हय म्हून?" त्याचं खोटं नव्हतं. त्याला माहीत असण्यासारखं कुठे काही लिहिलेलंच नव्हतं. सहावी, प्रशिक्षणात प्रश्न विचारणारी ती मावशी, भूमिहीन आहे. तिनं आमच्यातल्या एकीच्या धुऱ्यावर लावली, अर्ध्या वाट्यानं. सगळ्यात जास्त बोंडं तिलाच आली. पुढच्या वर्षी तो धुरा तिला मिळेलच असं नाही. त्याचा करार कागदावर करायचा असं आम्ही ठरवलं आहे. धुऱ्याच्या कराराला लोक हसतील. हसू देत.

मैत्रिणींनो, पुढच्या शिबिराला येताना दोन गोष्टी आणा. आपल्या भागातल्या अंबाडीचं मूठभर बी, आणि आपण जे वावर कसता त्याचा सातबाऱ्याचा उतारा. बी आपण वाटून घेऊ. उतारा एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवू, आणि त्यात कुणाकुणाचं नाव नाही ते मोजू.